दिवा दिसतोय, पण कोणता?

१८ डिसेंबर १८१०ची रात्र. ब्रिटिश नौदलाची ‘निंफ’ आणि ‘पॅलस’ ही दोन लढाऊ जहाजं स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यालगत एडिंबरोजवळच्या खाडीकडे निघाली होती. खाडीच्या तोंडाशी मे नावाचं बेट आहे आणि त्या बेटावर तेव्हा कोळशाची आग पेटवून ठेवलेली असे. ती दिसली की तिच्या अंदाजानं जहाज आत वळवायचं. दोन्ही जहाजांवरच्या अधिकाऱ्यांना अंधारात तांबूस उजेड दिसला, त्यांनी त्यावरून दिशा धरली आणि दोन्ही जहाजं डनबार गावाजवळच्या खडकांवर जाऊन आपटली. बहुतेक खलाशी वाचले, जहाजं गेली. त्यांना दिसलेला उजेड किनाऱ्यावरच्या एका चुन्याच्या भट्टीचा होता.

दीपगृहांचा इतिहास सांगताना लोक सहसा उजेडापासून सुरुवात करतात. मला ही भट्टी जास्त बोलकी वाटते. कारण त्या रात्री उजेड होताच. उजेड कुठला आहे, हे कळायला मार्ग नव्हता. खवळलेल्या समुद्रात दीपगृह उभं राहावं कसं, त्याचा उजेड लांब जावा कसा आणि तो ‘आपलाच’ आहे हे ओळखावं कसं, या तीन प्रश्नांवर ब्रिटनच्या खडकाळ किनाऱ्यावर दोन-अडीचशे वर्षं माणसांनी डोकं आणि जीव दोन्ही खर्च केले.

आधी त्या कोळशाच्या आगीबद्दल. मे बेटावर १६३६ साली एक चौकोनी दगडी मनोरा बांधला गेला. त्याच्या माथ्यावर लोखंडी जाळीची मोठी शेगडी. रात्रभर तिच्यात कोळसा घालत बसायचं, बास. वारा सुटला की कोळसा भराभर जळून जाई, पाऊस आला की धूर. राखेचे ढीग मनोऱ्याच्या पायथ्याशीच टाकलेले असत. १७९१ साली असाच एक ढीग आतून धुमसत राहिला, त्याचा विषारी वायू राखणदाराच्या खोलीत शिरला आणि तो, त्याची बायको आणि पाच मुलं झोपेतच गेली. पाळण्यातली एक तान्ही मुलगी तेवढी वाचली.

मग एवढा उपद्व्याप कोण आणि कशासाठी करत होतं? पैशासाठी. राजा एखाद्या सरदाराला किंवा व्यापाऱ्याला परवाना द्यायचा: तू दिवा लाव आणि जवळून जाणाऱ्या जहाजांकडून टनामागे कर घे. दिवा कसाही असो, कर ठरलेला. त्यामुळे दिवा सुधारण्याची मालकांना फारशी घाई नसे. धंदा मात्र असा तेजीत चालायचा की १८३६च्या कायद्यानं सगळी खासगी दीपगृहं विकत घ्यायचं ठरलं, तेव्हा वेल्सच्या किनाऱ्यावरच्या स्केरीज दीपगृहाचा मालक शेवटपर्यंत अडून बसला. १८४१ मध्ये त्या एका दिव्यासाठी ४,४४,९८४ पौंड मोजावे लागले. जहाजाकडून दिव्याचा कर घेण्याची ही पद्धत आपल्याकडेही आली. १९२७च्या दीपगृह कायद्यानुसार भारतीय बंदरांत येणारी जहाजं असा कर भरत.

आता पहिला प्रश्न: उभं राहायचं कसं? किनाऱ्यावरच्या टेकाडावर मनोरा बांधणं सोपं. पण जहाजं फोडणारे खडक बरेचदा किनाऱ्यापासून लांब, भर समुद्रात असतात आणि भरतीला पाण्याखाली जातात. इंग्लंडच्या प्लिमथ बंदरापासून साधारण २० किलोमीटरवरचा एडिस्टन हा त्यातला सगळ्यात बदनाम.

त्यावर पहिल्यांदा बांधकाम केलं ते हेन्री विन्स्टन्ली या गमत्या माणसानं. धंद्यानं हा कोरीव चित्रं काढणारा. लंडनमध्ये पाण्याच्या करामतींचे खेळ दाखवून पैसे मिळवायचा आणि ते जहाजांत गुंतवायचा. त्याची दोन जहाजं एडिस्टनवर फुटली, तेव्हा त्यानं ठरवलं की आता इथे मीच दिवा लावतो. १६९६ मध्ये काम सुरू झालं. मध्येच एका फ्रेंच लुटारू जहाजानं त्याला पकडून नेलं. त्यावर फ्रान्सचा राजा चौदावा लुई यानं, आपलं युद्ध इंग्लंडशी आहे, माणुसकीशी नाही, असं म्हणत त्याला सोडून दिलं, असं सांगतात. १४ नोव्हेंबर १६९८ला दिवा लागला. दिवा म्हणजे चरबीच्या मेणबत्त्या.

मनोरा मात्र एखाद्या जत्रेतल्या देखाव्यासारखा होता: सज्जे, कमानी, नक्षी, वाऱ्याची दिशा दाखवणारं चक्र. विन्स्टन्लीला त्याच्याबद्दल इतकी खात्री होती की आजवरचं सगळ्यात मोठं वादळ येईल तेव्हा मी आत असावं, अशी इच्छा त्यानं बोलून दाखवली होती. नोव्हेंबर १७०३च्या शेवटी इंग्लंडच्या इतिहासातलं एक सगळ्यात भयंकर वादळ आलं आणि तो डागडुजीसाठी नेमका तिथेच होता. सकाळी खडकावर काही वाकलेल्या सळयांखेरीज काही उरलं नव्हतं.

दुसरा मनोरा जॉन रडयर्डचा. हा रेशमाचा व्यापारी, पण त्यानं जहाज बांधणारे सुतार मदतीला घेतले आणि जहाजाच्या तळासारखा गुळगुळीत, निमुळता लाकडी मनोरा उभा केला. आत वजनासाठी दगड भरले. लाटेला धरायला कुठे कोपरा नाही, सज्जा नाही. तो जवळपास पन्नास वर्षं टिकला. समुद्रानं त्याला काही केलं नाही, आगीनं केलं. २ डिसेंबर १७५५च्या रात्री माथ्यावरच्या दिव्याच्या खोलीला आग लागली. ९४ वर्षांचा राखणदार हेन्री हॉल खालून वर पाणी फेकत होता, तेवढ्यात छपराचं वितळलेलं शिसं त्याच्यावर ओघळलं. आपल्या पोटात शिसं गेलंय, असं तो सांगत राहिला. डॉक्टरांचा विश्वास बसेना. बाराव्या दिवशी तो वारला आणि पोटातून खरोखर दोनशे ग्रॅमचा शिशाचा गोळा निघाला. तो आजही एडिंबरोच्या संग्रहालयात ठेवलेला आहे.

तिसऱ्या खेपेला काम आलं जॉन स्मिटनकडे. मूळ धंदा शास्त्रीय उपकरणं बनवण्याचा, वय तिशीच्या थोडं पुढे. त्यानं ठरवलं, मनोरा दगडाचाच हवा, आणि त्याचा आकार घेतला ओकच्या झाडाकडून: बुंध्याशी रुंद, वर जाताना आत वळत जाणारा. रुंद बुंध्यामुळे वजनाचा मोठा वाटा खाली राहतो आणि मनोरा उलथवणं अवघड होतं.

पण आकारापेक्षा मला त्याच्या दोन गोष्टी मोठ्या वाटतात. पहिली, दगडांचे सांधे. लहान मुलांच्या कोड्याच्या चित्रात एक तुकडा दुसऱ्यात अडकतो, तसा प्रत्येक घडीव दगड शेजारच्या दगडात खाचेनं अडकवलेला. खालचा थर तर खडकातच खाचा खोदून बसवलेला. त्यामुळे लाटेनं एखादा दगड ओढायचा म्हटला, तर सगळा थर उचलावा लागेल. वरचा थर खालच्यावरून सरकू नये म्हणून मध्ये दगडाच्या खुंट्या ठोकलेल्या.

दुसरी गोष्ट चुना. (हो, तोच चुना, ज्याच्या भट्टीनं पुढे दोन जहाजं घालवली.) साधा चुना हवेत सुकतो आणि हवेतला कार्बन डायऑक्साईड शोषून हळूहळू दगडासारखा होतो. पाण्याखाली त्याला हवाच मिळत नाही, मग तो मऊच राहतो आणि वाहून जातो. एडिस्टनवर तर दिवसातून दोनदा भरती. स्मिटननं ठिकठिकाणचे चुनखडक आणून भाजले, त्या चुन्याचे गोळे करून पाण्यात टाकून पाहिले आणि त्याला दिसलं की ज्या चुनखडकात थोडी चिकणमाती मिसळलेली असते, त्याचा चुना पाण्यातही घट्ट होतो. शुद्ध, पांढराशुभ्र चुना चांगला हा पिढ्यान्‌पिढ्यांचा समज होता, तो इथे उलटा ठरला. वेल्सचा तसला चुना आणि इटलीतली ज्वालामुखीची राख यांचं मिश्रण त्यानं वापरलं. आज आपण सिमेंट म्हणतो, त्या वाटेवरचं हे एक मोठं पाऊल होतं.

१६ ऑक्टोबर १७५९ला स्मिटनचा दिवा लागला. मनोरा सव्वाशे वर्षं शाबूत राहिला, पण खालचा खडकच लाटांनी पोखरला जाऊ लागला. १८८२ मध्ये जेम्स डग्लसनं शेजारच्या खडकावर ४९ मीटर उंचीचा नवा मनोरा पुरा केला, तोच आज चालू आहे. स्मिटनचा मनोरा वरून उतरवून प्लिमथच्या किनाऱ्यावर पुन्हा रचला गेला. बुंधा मात्र इतका घट्ट होता की तो तिथेच सोडून दिला. अजून उभा आहे. एक बारकावा सांगायला हवा: ओकच्या झाडाच्या त्या सुप्रसिद्ध वळणावरून लाटा घसरगुंडीसारख्या वर चढत आणि थेट दिव्यापर्यंत पोचत. म्हणून डग्लसनं आपल्या मनोऱ्याला खाली सरळ, गोल, भरीव चौथरा दिला, म्हणजे लाट तिथेच फुटावी. झाडाची उपमा शाळेच्या पुस्तकात छान दिसते, समुद्राला तिचं कौतुक नसतं.

आता पुन्हा स्कॉटलंड. आर्ब्रोथ गावापासून १८ किलोमीटर आत समुद्रात बेल रॉक नावाचा खडक आहे. आर्ब्रोथच्या मठाधिपतीनं जहाजांना सावध करायला तिथे घंटा बांधली होती अशी दंतकथा, म्हणून हे नाव. एडिस्टनपेक्षा हा वाईट, कारण ओहोटीला थोडा वेळ डोकं वर काढतो आणि भरतीला माणूस बुडेल त्याच्या दुप्पट पाण्याखाली जातो. १८०४ मध्ये ‘यॉर्क’ हे मोठं युद्धजहाज उत्तर समुद्रात सगळ्या, म्हणजे जवळपास पाचशे माणसांसह नाहीसं झालं. ते याच खडकावर आपटलं असावं, असं मानलं गेलं आणि इतकी वर्षं पैसे नाहीत म्हणणारी संसद हलली.

काम ऑगस्ट १८०७ मध्ये सुरू झालं. जागेवरचा इंजिनियर रॉबर्ट स्टिव्हन्सन. त्याचा सावत्र बाप एडिंबरोचा दिवे बनवणारा होता आणि स्कॉटलंडच्या दीपगृह मंडळाचा पहिला इंजिनियरही. कामाची वेळ समुद्र ठरवायचा: ओहोटीला दोन-तीन तास, मग हत्यारं आवरा आणि होडीत बसा. मजूर जवळच नांगरलेल्या जहाजावर झोपत आणि रात्रभर ओकत. खडकावर लोहाराची भट्टी मांडली होती, कारण छिन्न्या सारख्या बोथट होत. लाट आली की लोहार गुडघाभर पाण्यात उभा आणि विस्तव गुल. ओहोटी रविवारीही येते, म्हणून रविवारीही काम. काही धार्मिक पाथरवटांनी त्याला नकार दिला, तेव्हा स्टिव्हन्सननं आधी प्रार्थना आणि मग काम असा तोडगा काढला.

२ सप्टेंबर १८०७ला तर सगळं तिथेच संपायचं. नांगर सुटून त्यांचं जहाज वाहवत गेलं. (त्या जहाजाचं नाव ‘स्मिटन’.) खडकावर ३२ माणसं, होड्या दोनच, आणि पाणी चढू लागलेलं. एकेक जण हातातलं हत्यार ठेवून गप्प उभा राहिला. स्टिव्हन्सननं पुढे लिहून ठेवलंय की काही सांगायला तोंड उघडलं तर जीभ इतकी कोरडी पडलेली की शब्द फुटेना, म्हणून तो खळग्यातलं खारं पाणी प्यायला वाकला. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, ‘होडी! होडी!’ आर्ब्रोथहून टपाल घेऊन येणारी एक होडी योगायोगानं त्याच वेळी पोचली होती. पुढे खडकावर उंच लाकडी खांबांवर एक खोपटं उभारलं गेलं आणि माणसं भरतीतही तिथेच राहू लागली.

ऐंशी वर्षांपूर्वी एखाद्या घराचा वाद सुरू व्हावा आणि नातवंडांनी तो चालवावा, तसा बेल रॉक नक्की कोणी बांधला, यावरून स्टिव्हन्सन आणि मुख्य इंजिनियर जॉन रेनी यांच्या घराण्यांत पुढे बराच काळ जुंपली. कागदावर वरचा माणूस रेनी, पण तो खडकावर क्वचितच गेला. त्या खळग्यातलं पाणी कोण प्यायलं एवढंच पाहिलं, तर माझं मत स्टिव्हन्सनला.

रॉबर्टची मुलं अ‍ॅलन, डेव्हिड आणि टॉमस याच धंद्यात आली. अ‍ॅलननं १८४४ मध्ये पश्चिमेकडच्या स्केरीव्होर खडकावर ४८ मीटरचा मनोरा पुरा केला. टॉमसनं तिथे लाटेचा मार मोजणारं यंत्र बसवलं. चौरस मीटरला जवळपास ३० टन इतका जोर त्यानं नोंदवला. (याच टॉमसचा मुलगा घराण्याचा धंदा सोडून लेखक झाला, रॉबर्ट लुई स्टिव्हन्सन.) आपल्याकडे कुलाब्याच्या दक्षिण टोकाला खडकांवर उभं असलेलं, १८७५ साली बांधलेलं प्राँग्ज दीपगृह पाहिलंत, तर या समुद्रातल्या मनोऱ्यांचं नातं लगेच ओळखू येईल. ओहोटीला तिथपर्यंत खडकांवरून चालत जाता येतं.

मनोरा उभा राहिला, पण उजेडाचं काय? स्मिटनच्या देखण्या मनोऱ्यात जळत होत्या २४ मेणबत्त्या. मेणबत्तीचा उजेड चहूकडे पसरतो: आभाळाकडे, पायाशी, मागे. जहाजाच्या कामाचा फक्त क्षितिजाच्या दिशेनं जाणारा पातळ पट्टा. बाकी सगळा वाया. आधी दिव्यामागे चकचकीत वाडगे, म्हणजे आरसे बसवले गेले, पण ते काळवंडत आणि बराच उजेड गिळून टाकत.

यावरचं उत्तर आलं ते फ्रान्समधून. ऑगस्टिन फ्रेनेल हा रस्ते बांधणाऱ्या खात्यातला इंजिनियर. त्याचा विचार असा: बहिर्गोल भिंग दिव्यापुढे ठेवलं तर फाकणारे किरण सरळ होऊन एका दिशेनं जातात. पण दीपगृहाला पुरेल एवढं भिंग करायचं तर मधोमध ते फूटभर जाड होईल, वजन पेलणार नाही आणि जाड काचेतच उजेड मुरेल. आता गंमत अशी की किरण वाकतो तो काचेच्या पृष्ठभागावर, आतल्या जाडीत नाही. मग ती जाडी हवी कशाला? खोबऱ्याच्या वाटीसारखा फक्त बाहेरचा गोलावा ठेवा. कांद्याच्या चकतीत दिसतात तशी एकात एक वलयं करा आणि प्रत्येक वलयाला त्या जागी भिंगाचा जेवढा उतार असता तेवढाच द्या. वर आणि खाली निसटणाऱ्या उजेडासाठी काचेचे तिकोनी लोलक बसवा. ते त्याला आडवा वळवून क्षितिजाकडे पाठवतात. जुलै १८२३ मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआं दीपगृहात हे वलयांचं भिंग पहिल्यांदा लागलं. चार वर्षांनी फ्रेनेल क्षयानं गेला, अवघ्या ३९ व्या वर्षी. स्कॉटलंडमध्ये अ‍ॅलन स्टिव्हन्सननं फ्रेनेलच्या भावाशी संधान बांधून ही भिंगं १८३५ पासून आणली. सगळ्यात मोठ्या भिंगाच्या आत माणूस सहज उभा राहतो.

उजेड कितीही वाढवला तरी पृथ्वीचा गोलावा आडवा येतो. त्याचा हिशेब सोपा आहे: दिव्याची उंची मीटरमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, साधारण साडेतीननं गुणा, क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते मिळेल. ३६ मीटरवरच्या दिव्याला २१ किलोमीटर. जहाजावर चार मीटर उंच उभ्या असलेल्या माणसाचे सात. म्हणजे दोघांची भेट २८ किलोमीटरवर. त्यापलीकडे दिवा क्षितिजाखाली बुडालेला.

आणि आता ती चुन्याची भट्टी. निंफ आणि पॅलस फुटल्यावर दीड महिन्यानं, १ फेब्रुवारी १८११ला बेल रॉकचा दिवा लागला. तो फिरता होता. काही दिव्यांपुढे लाल काच, म्हणून जहाजावरून एकदा पांढरा, एकदा लाल असा दिसायचा. असा उजेड कुठल्याही भट्टीचा नसतो. मे बेटही दीपगृह मंडळानं १८१४ मध्ये विकत घेतलं आणि दोन वर्षांत तिथे तेलाचे दिवे लावले. पुढे भिंगं आल्यावर लाल काचेची गरज उरली नाही, कारण ती अर्ध्याहून जास्त उजेड खाते. त्याऐवजी लय आली. समजा फिरत्या भिंगाला चार बाजू आहेत आणि ते २० सेकंदांत एक फेरी मारतं. जहाजावरून दर ५ सेकंदांनी एक झळक दिसेल. दोन बाजू जवळजवळ बसवल्या तर लागोपाठ दोन झळका आणि मग अंधार. अशा तऱ्हेनं प्रत्येक दिव्याला स्वतःचा ताल मिळाला आणि तो नकाशावर छापला जाऊ लागला. काही टनांचं हे भिंग पुढे पाऱ्याच्या हौदात तरंगत ठेवलं जाई, इतकं हलकं की बोटानं फिरावं. फिरवायला लंबकाच्या घड्याळासारखी वजनं खाली सुटत आणि राखणदार ती रात्रभर पुन्हा पुन्हा वर गुंडाळत. पाऱ्याची वाफ त्यांच्या छातीत जाते, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात नव्हतं.

राखणदार तीन असण्यामागेही एक गोष्ट सांगतात. वेल्सजवळच्या स्मॉल्स खडकावर १८०१ च्या सुमारास दोघेच असत. त्यांतला एक मेला. त्या दोघांचं पटत नाही हे सगळ्यांना ठाऊक, प्रेत समुद्रात टाकलं तर खुनाचा आळ येईल, म्हणून दुसऱ्यानं ते खोक्यात घालून बाहेर टांगून ठेवलं आणि वादळात कित्येक दिवस तसाच दिवा चालू ठेवला. त्यानंतर नेहमी तिघं. पण तिघं असूनही डिसेंबर १९०० मध्ये फ्लॅनन बेटांवरचे तिन्ही राखणदार एकदम नाहीसे झाले. अर्धवट सोडलेलं जेवण, उलटलेली खुर्ची हे जे इंटरनेटवर फिरतं, ते नंतरच्या एका कवितेनं पसरवलेलं आहे. चौकशीचा निष्कर्ष साधा होता: पश्चिमेच्या धक्क्यावर सामान बघायला गेले आणि लाटेनं ओढून नेलं.

एडिस्टनवरची माणसं १९८२ मध्ये उतरली. ३१ मार्च १९९८ला फेअर बेटाच्या दक्षिण टोकावरचा शेवटचा स्कॉटिश राखणदार घरी गेला. आता वीज, सौरपट्ट्या, दूरवरून नजर ठेवणारा संगणक. जीपीएस असतानाही दिवे ठेवले आहेत, कारण पडद्यावरचं यंत्र बिघडलं की नाही, हे त्याच यंत्राला विचारून कळत नाही. मग कोणीतरी डेकवर येतं, अंधारात एक झळक पाहतं आणि मनात मोजू लागतं. पाच सेकंदांनी पुन्हा एक झळक आली, तर बेल रॉक. दोन झळका आणि दहा सेकंदांनी पुन्हा दोन, तर एडिस्टन.